पहिल्या रांगेतली जागा

खुर्च्या मांडणं हे काही ग्रंथपालाचं काम नव्हे, पण वाचनालयाच्या बाई दरवर्षी ते स्वतः करायच्या. त्या भागात होऊन गेलेल्या लेखकांच्या आठवणीचा कार्यक्रम असायचा आणि पहिली रांग त्या लेखकांसाठीच राखून ठेवलेली असायची. प्रत्येक खुर्चीवर ज्याची त्याची एक वस्तू. कादंबरीकारांची काठी, कवयित्रीची शाईची दौत, नाटककारांचा पाइप. त्या रांगेत जिवंत माणसानं बसायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. समोर उभं राहून एकेकाचं एक पान वाचायचं आणि ते स्वतः ऐकायला आलेत असं धरून चालायचं.

बाईंची आपली एक पद्धत होती. आधी फरशीवर खडूनं खुणा करायच्या, मग बरोबर खुणेवर खुर्चीचे पाय. कार्यक्रम रविवारी सकाळी होता, म्हणून शनिवारी दुपारीच त्यांनी कंबर कसली. यंदा मात्र रांगेच्या मधोमध त्यांनी एक खुर्ची जास्त मांडली आणि तिच्यावर राखाडी रंगाचा मफलर ठेवला.

मफलर ताईचा, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा. ताई गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेली. आयुष्यभर जपून जपून लिहिलं आणि नावावर एकच कथासंग्रह. शेवटची कथा तर अंथरुणावरून सांगितली, बाईंनी उतरून घेतली. अर्ध्यावर दम संपला, तेव्हा ताई म्हणाली होती, "शेवट तू कर गं. तुला ठाऊक आहे." बाईंनी तो केला आणि कुणाजवळ कधी ब्र काढला नाही. पुस्तक ताईचं, नाव ताईचं. आता एवढी एक खुर्ची तिला मिळावी, बाईंना दुसरं काही नको होतं.

संध्याकाळी वाचनालयाचे अध्यक्ष तयारी बघायला आले. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त नियमांच्या बाबतीत फार हळवा.

"ही कुणाची?"

"ताईची."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, तुमचं दुःख मला कळतं हो. पण एका पुस्तकावर कुणी साहित्यिक होत नाही. उद्या जो तो आपल्या मामा-मावशीला आणून बसवेल."

त्यांनी मफलरची नीट घडी करून टेबलावर ठेवली, खुर्ची मागच्या अडगळीच्या खोलीत नेली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बाईंनी जुन्या खुणा पुसल्या, नव्या केल्या, खुर्च्या सरकवून मधली जागा मिटवून टाकली. दिवा मालवून दोघं बाहेर पडले.

फाटकापाशी बाईंना आठवलं, मफलर टेबलावरच राहिला. अध्यक्ष तोवर निघून गेले होते. बाई एकट्याच परतल्या.

दार उघडलं तसा निलगिरीच्या तेलाचा वास आला. ताईच्या छातीला रोज चोळायचं ते तेल. बाईंचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. अंधारात खुर्चीचे पाय फरशीवर घासत होते. हळू, जड, म्हातारं माणूस सरकतं तसे. मग कुणीतरी पुटपुटलं.

"सरका जरा... पोरीला बसू द्या..."

"इकडे ये... माझ्याजवळ..." हा आवाज दुसऱ्या कुणाचा, बायकी होता.

आणि मग खोकला. कोरडा, तोंडावर मफलर धरून दाबलेला. दोन वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकलेला तो खोकला बाईंनी हजारात ओळखला असता. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तरीही डोळे भरून आले.

"ताई...?"

सगळं एकदम गप्प झालं. बाईंनी दिवा लावला. रांग मधोमध उघडली होती, सगळ्या खुर्च्या खुणांवरून हटल्या होत्या. मध्ये ती खुर्ची होती आणि तिच्यावर मफलर. अडगळीच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं.

सकाळी अध्यक्षांनी ते पाहिलं आणि त्यांचा हात आधी खिशाकडे गेला. किल्ली होती. ते खुर्ची उचलायला वाकले, बैठकीला हात लागला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"बाई... ही गरम आहे."

"हो."

अध्यक्ष बराच वेळ रुमालानं हात पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यांचंही पान वाचा. सगळ्यांत शेवटी. तुम्हीच वाचा."

बाईंनी शेवटच्या कथेचं शेवटचं पान वाचलं. जिथे ताईचा दम संपला होता, तिथे त्याही क्षणभर थांबल्या. मग स्वतःच्या ओळी वाचल्या, जगासमोर पहिल्यांदाच. संपल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. पहिली टाळी पुढून वाजली, ज्या रांगेत कुणी बसलं नव्हतं तिथून. पाठोपाठ सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. ताईला तिची जागा मिळाली होती. बाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं, पण इतकं सुख त्यांना वर्षभरात झालं नव्हतं.

लोक पांगल्यावर त्या खुर्च्या आवरायला गेल्या. रांग पुन्हा सरकली होती. ताईच्या खुर्चीला लागून एका खुर्चीपुरती जागा रिकामी होती आणि त्या जागेत फरशीवर खडूच्या चार ताज्या खुणा होत्या.

खडू कालपासून बाईंच्याच पर्समध्ये होता.