दोन घास उरले होते

“बूट बाहेर!”

आत शिरलेला तो अनोळखी तरुण दचकून जागीच थांबला. श्रावणातली एक सर नुकतीच ओसरली होती. त्याच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं, आणि समोर, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, अंगावर शाल घेतलेली एक मुलगी उभी होती.

“देऊळ आहे का हे?”

“सर्व्हर रूम आहे. पण शिस्त देवळाचीच.”

बूट हातात धरून तो हसला. “मग पुजारीणबाई, तुमचं देऊळ बंद करायला आलोय मी!”

तो ऋत्विक. ठाण्याचा. कंपनीचं सगळं काम क्लाउडवर न्यायला आलेला, रोह्याजवळच्या वरसे गावात खोली घेऊन राहिलेला. आणि ती नमिता, रोज पेणहून रोह्याला येणारी. रंग बनवणाऱ्या त्या कंपनीतली ही खोली तिच्या हवाली होती. यंत्रं गार राहावीत म्हणून दोन एसी रात्रंदिवस चालायचे. वीज गेली की मागचा जनरेटर धडधडायचा आणि त्याची काजळी कॅन्टीनमागच्या तगरीवर बसायची. पूजेला नेलेली फुलं नमिता आधी धुऊन घ्यायची. शेवटी तीच साहेबांकडे गेली होती. “साहेब, घरोघरी कुणी पिठाची गिरणी घालतं का? गावात एक असते, ती सगळ्यांचं दळते.”

ऋत्विकला हे सांगितलं, तेव्हा तो खूश झाला. “अगदी बरोबर. तुमची यंत्रं निम्मा वेळ रिकामी फिरतात. तिथं रिकामं कुणी बसत नाही, ज्याला जेवढं लागेल तेवढंच. पण वीज त्या गिरणीलाही लागते बरं का! नको असलेलं सगळं उचलून तिकडे नेलं, तर धूर नुसता दुसऱ्याच्या दारात.”

“मग आधी पाखडायचं.”

“पाखडायचं... तुमच्यासोबत?”

“सुपासोबत!” ती म्हणाली, पण शाल उगाचच सारखी केली.

मग दोघं पाखडत बसले. एकाच फाइलच्या वर्षानुवर्षांच्या नकला, कुणी कधी न उघडलेले फोटो. जेवायच्या सुट्टीत तो तिच्यासमोर येऊन बसला आणि काहीबाही विचारू लागला. ती मुकाट जेवत होती. कॅन्टीनच्या शांतीमावशीने लांबूनच सांगितलं, “ती बोलणार नाय हो. चातुर्मास हाय तिचा. पयला घास घेतला का हात धुवेपर्यंत शब्द नाय तोंडातून.”

“अरे वा! म्हणजे भांडायला हीच वेळ चांगली.”

आणि मग रोजचंच झालं. तिच्या डब्यातला पेणचा पोह्याचा पापड उचलायचा, कुर्रकुर्र खायचा आणि म्हणायचं, “जेवताना किती गुणी दिसता हो तुम्ही!” हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. हात धुतले की ती वळायची, “आता ऐका!” आणि तो खरंच ऐकत राहायचा... तिच्याकडे बघत.

एकेक यंत्र बंद होऊ लागलं. एक एसी थांबला. विजेचं बिल उतरलं, साहेबांनी पाठ थोपटली. ज्या कामासाठी ती धडपडली, ते इतकं चांगलं चाललेलं बघून नमिताला मात्र धाकधूक होई. काम संपलं, की तो जाणार.

त्या दुपारी त्याने पापडाला हात लावला नाही.

“मला मस्कतच्या कामासाठी विचारलंय. दोन वर्षं. आत्ता फोन येईल, हो की नाही ते सांगायचंय.” तो थांबला. “मी... थांबू का इथं? तुमच्यासाठी? बोलू नका. थांबावं असं वाटत असेल तर तो पापड फक्त माझ्याकडे सरकवा. नसेल, तर... जेवत राहा.”

तिला पापड सरकवायचाच होता. पण आजीने व्रत दिलं ते असं, की शब्द नाही, हुंकार नाही, खूणही नाही. आणि पानावरून अर्धवट उठायचं नाही. दोनच घास उरले होते. ते संपवायचे, हात धुवायचे आणि सांगायचं. तिने घाईने घास उचलला.

तो घास त्याने पाहिला. फोन वाजला. तो उठून बाहेर गेला.

ती ओल्या हातांनीच धावली. तो फोन खिशात ठेवत होता. “हो म्हणून सांगितलं,” तो कसंनुसं हसला. “बरं झालं, स्पष्ट उत्तर दिलंत.” एवढ्यात साहेब आले, त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करू लागले... आणि ओठांवर आलेलं तिने गिळलं. एक पापड सरकवला असता, तर देवाने काय एवढा राग धरला असता?

शेवटचं यंत्र बंद झालं तेव्हा खोलीत दोघंच होते. घरघर थांबली आणि पागोळ्यांचा आवाज पहिल्यांदाच आत ऐकू आला.

“ते उत्तर नव्हतं,” ती म्हणाली. “ते मौन होतं. त्यात खूणसुद्धा चालत नाही.”

तो खाली बसला. “आणि मी... नळापर्यंतही थांबलो नाही.” मग एकदम, “कळवतो त्यांना, नाही जमत म्हणून!”

“नको. तिकडची माणसं तुमच्या शब्दावर थांबलीत. मी माझं व्रत मोडलं नाही, तुम्हाला कोणत्या तोंडाने शब्द मोडायला सांगू?”

दाराशी जाऊन त्याने बूट घातले. “काय सांगणार होतात... ते तरी?”

“हो,” ती म्हणाली. “थांबा, म्हणणार होते.”

जनरेटर आता गप्प असतो. तगर पांढरीशुभ्र फुलते, फुलं धुवावी लागत नाहीत. परवा दुपारी शांतीमावशी तिच्या डब्यात डोकावली. “पापड तसाच ठेवलास गो? खायाचा नाय का?”

नमिताने मान खाली घातली. उत्तर देता येत नव्हतं. अजून दोन घास उरले होते.