बारा मिनिटांत उतरलेलं विमान

एकशे बेचाळीस किलोमीटर.

गार पडलेलं इंजिन.

चहाचा दुसरा कप.

"तायडे, मी कुठे आहे?"

हे सगळं एकाच दुपारचं आहे, आणि खरं आहे. आमची आत्या तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही. एका लहानशा विमानतळावर ती रेडिओ आणि नोंदवही सांभाळायची.

एकशे बेचाळीस किलोमीटरवरच्या पलीकडच्या विमानतळावरून विमान निघालं की तिथला कारकून फोन करायचा, "सोडलं." पस्तीस मिनिटांनी ते इथं टेकायचं. आत्या वेळ लिहायची. एकदा वहीत 'उतरलं' लिहिलं, की ते विमान हवेत नाही. हा नियम.

ते विमान चालवायचा तिचा एकुलता एक धाकटा भाऊ. म्हणजे आमचे बाबा.

त्या दिवशी चार दहाला फोन आला. "सोडलं."

चार बावीसला विमान खिडकीसमोर उभं होतं.

उतरल्याचा आवाज... आलाच नव्हता.

नऊ प्रवासी रिकाम्या हातांनी उतरले. एकमेकांशी एक शब्द न बोलता फाटकाबाहेर निघून गेले.

बाबा जिना चढून वर आले. "चहा आहे का, ताई?"

"बारा मिनिटांत? मागे वाघ लागला होता का रे?"

ते नुसते हसले. जन्मात कधी तिला 'ताई' म्हणाले नव्हते. कायम 'तायडे'.

खालून मेकॅनिक म्हणाला, "बाई, इंजिन गार आहे. हात लावून बघितलं मी."

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. पण विमान तर डोळ्यांसमोर होतं. तिनं लिहिलं : चार बावीस, उतरलं.

चार एक्केचाळीसला रेडिओ खरखरला...

"तायडे, चार मिनिटांत पोचतो. पण खाली धावपट्टी दिसत नाहीये. नुसतं माळरान आहे. मी कुठे आहे?"

बाबांचाच आवाज.

तिनं मान वळवली. बाबा मागच्या खुर्चीत चहा पीत होते. तिच्याकडेच बघत.

"कोण गं?"

"कोणीतरी चेष्टा करतंय."

"मग सांग ना त्याला, उतरलाय म्हणून. वहीत आहे की."

वही मिटलेली होती.

आत्यानं बटण दाबलं. "तुमची नोंद झाली आहे. तुम्ही चार बावीसला उतरलात."

रेडिओ पुन्हा खरखरला...

"अगं तायडे, मी वर आहे."

पुन्हा बोलायचा तिला धीर झाला नाही. तो हाका मारत राहिला. बाबांनी चहाचा दुसरा कप मागितला.

निघताना विमानात दीड तासाचं इंधन होतं.

पाच चाळीसला हाका थांबल्या.

कुठे काही पडल्याचं ऐकू आलं नाही. प्रवाशांपैकी कुणाच्या घरून विचारणा आली नाही. चौकशीचा प्रश्नच नव्हता, वहीत सगळं जागच्या जागी होतं.

आत्या आजही आमच्याकडे येते. बाबांशी हसून बोलते, पण त्यांच्याकडे पाठ करून कधी बसत नाही.

ते आंघोळीला गेले की हळूच विचारते, "माझाच भाऊ आहे ना रे हा?"

आम्ही 'हो' म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

आमच्या आईबाबांचं लग्न त्या दुपारनंतर आठ महिन्यांनी झालं.