सतरा इंची चाकं

दोन रिकाम्या रिमा पाठीला दोरीनं बांधून अमीर बेलापुरात आला, तेव्हा तो फरहीनला नाही, तिच्या अब्बांना शोधत होता. श्रीरामपुरातल्या तीन दुकानांनी हात वर केले होते. बिनस्पोकच्या अलॉय चाकांच्या जमान्यात एकेक स्पोक हातानं भरत कोण बसतंय? बेलापूरचे गनीभाई भरतात, असं कुणीतरी सांगितलं. आणि नेमके त्याच दिवशी गनीभाई म्हैस बघायला घोडेगावच्या बाजाराला गेलेले. गॅरेजात होती त्यांची लेक.

"गनीभाई आहेत का?"

"न्हाईत. काम बोला."

"काम... चाकाचं आहे."

"हितं चाकाचीच कामं येतात," फरहीन म्हणाली. "लाडू वळत न्हाई आमी."

गाडी बघून मात्र तिला हसू आवरेना. मातीत उड्या मारायची ती उंच, काटकुळी गाडी. तिची खडबडीत चाकं काढून त्याला सतरा इंची रिमा आणि डांबरावरचे रुंद टायर घालायचे होते. अशा गाडीला सुपरमोटो म्हणतात म्हणे.

"म्हंजे धड शेतातली न्हाई, धड हायवेची न्हाई."

"दोन्हीकडची," तो म्हणाला. "मी ठिबकच्या कंपनीत आहे. रोज राहुरी, नेवासा, अकोले. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची काय दशा केलीय, बघता ना? ह्या शॉकअपला खड्डा कळत नाही. वजनाला हलकी, गल्लीत जागच्या जागी वळते, आणि वळणावर अशी आडवी होते ना..."

"टाकी केवढी?"

"सात लिटर."

"पाय टेकतात?"

"एक टेकतो."

"आन् सीट तर नुसती फळी हाय. उंटावरून शेळ्या हाकायला बरी."

हसताना त्यानं मान खाली घातली. एवढंच झालं. पण बाई तेवढ्यावर अडकली, त्याला कोण काय करणार.

दोन दिवसांनी चाकं तयार झाली. गनीभाईंचा नियम असा, की चाक ज्यानं भरलं त्यानंच पहिला फेरा मारायचा. फरहीन कट्ट्यावर चढून गाडीवर बसली आणि पाटाच्या रस्त्याला लागली. सकाळचं धुकं अजून उसावर होतं. वळण आलं, तिनं नुसतं तिकडं बघितलं, आणि गाडी आपोआप वळली. खड्डे खालून निघून जात होते, तिच्यापर्यंत पोचत नव्हते. पुलापर्यंत जाऊन परतायचं सोडून ती पुढच्या वस्तीवर जाऊन आली, तेव्हा अमीर रस्त्यात येऊन उभा होता.

"कशी आहे?"

"बरी हाय."

"फक्त बरी?"

"लई बरी हाय," ती म्हणाली, आणि तोंडातून निघून गेलं, "तुझ्या हातात वाया चाललीय."

'तुमी'चं 'तू' झालेलं दोघांनाही कळलं.

मग दर गुरुवारी तो यायला लागला. चाक आउट झालंय, फिरताना हेलकावतंय म्हणायचा. फरहीननं भरलेलं चाक आठवड्यात आउट होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. पहिल्याच गुरुवारी चाक फिरवून तिनं बघितलं, तर दोनच स्पोक सैल, आणि दोन्हींच्या निपलवर, म्हणजे टोकाच्या नटावर, पान्ह्याचे ताजे ओरखडे. पठ्ठ्या घरी स्वतःच सैल करून आणत होता! पाच मिनिटांच्या कामाला तिनं तासभर लावला. गनीभाई बाहेर बसून पेपर वाचत राहिले. वाचत होते की नाही, अल्ला जाणे.

"मागचे फुटरेस्ट कुठं हायेत?" एकदा तिनं विचारलं.

"काढून टाकले. वजन वाढतं."

"किती वाढतं?"

"किलोभर असेल."

"माझं तर पंचेचाळीस हाय..." ती चाकाकडं बघत म्हणाली. "मला भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचंय."

"मग बसवू की. पुढच्या गुरुवारी."

पुढचा गुरुवार आला, त्याच्या पुढचाही आला. फुटरेस्ट काही आले नाहीत.

फेब्रुवारीत कोल्हारचं स्थळ आलं. मुलगा उर्दू शाळेत मास्तर, शांत, घरचं चांगलं. अम्मीला तर इतका आवडला, की तिनं त्याच दिवशी शिरखुर्मा केला. फरहीननं गुरुवारी अमीरला सांगून टाकलं. त्यानं घड्याळात बघितलं, मग तिच्याकडं बघितलं.

"देऊन टाक नकार," तो म्हणाला. "तू गेलीस तर माझी चाकं कोण भरणार?"

माणसाला जे ऐकायचं असतं, तेच ऐकू येतं. तिनं नकार दिला. अम्मी आठ दिवस बोलली नाही. अब्बांनी एवढंच विचारलं, "बेटा, विचार केलास ना?" ती हो म्हणाली. कोल्हारवाल्यांनी महिन्याभरात दुसरीकडं ठरवलं.

एप्रिल-मेमध्ये कामं फार आहेत, असं अमीरनं फोनवर सांगितलं. जूनमध्ये तो आला, तेव्हा ती दारातच होती. गाडीला मागं नवे काळे फुटरेस्ट होते, आणि फळीवर जाड गादी शिवलेली.

फरहीन आत पळाली. साबणानं दोनदा हात धुतले, तरी नखातलं ग्रीस निघेना. धुतलेली निळी ओढणी घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तो मागचं चाक दाखवत होता.

"ह्या वेळी खरंच आउट झालंय."

तिनं चाक फिरवलं. आठ स्पोक ढिले, रिम एका जागी दबलेली. निपलवर ओरखडा एकही नव्हता. दोन माणसांचं वजन घेऊन गाडी खड्ड्यात आपटली होती.

"मागं कोण बसलं हुतं?"

"सुमैरा. नगरची आहे." त्यानं मान खाली घातली. "मंगनी झाली गेल्या महिन्यात. घरच्यांनीच बघितली. भंडारदऱ्याला गेलो होतो, तिचा भाऊ पण होता दुसऱ्या गाडीवर. तिला काजवे बघायचे होते."

फरहीन खाली बसली आणि कामाला लागली. पान्हा दोनदा सटकला. पण स्पोक तिनं छत्तीसही ताणले, एकेक वाजवून बघितला. मागं बसणारीचा काय गुन्हा होता?

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"अगं, पण..."

"स्पोक कशाला सैल करून आणायचास दर गुरुवारी?"

तो लाल झाला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"बरं वाटायचं इथं यायला. तुझ्याशी बोलायला मजा यायची."

"मी कोल्हारच्या स्थळाला नकार दिला, अमीर. तुझ्या शब्दावर."

"ते तर मी चेष्टेत..." त्याचा चेहरा उतरला. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे तिला दिसलं, आणि तेच जास्त लागलं. फसवलं असतं त्यानं, तर शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. पण तो आपला मजेसाठी येत होता, आणि ती इथं आयुष्य मांडून बसली होती.

चाक बसवून तिनं नट आवळला, चिंधीला हात पुसले आणि उभी राहिली.

"जा आता. आन् तिला सांग, तुला घट्ट धरून बसायला," ती म्हणाली. "ह्या गाडीवर मागच्याला दुसरं धरायला काही न्हाई."