पाव फेरा उलटा

सकाळी अकराला पाहुणे येणार होते आणि साडेनऊलाच तिचं डोकं फिरलं होतं. टेबलावर शोधनिबंधाची अंतिम प्रत पडली होती. पहिलं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, म्हणजे साहेबांचं, दुसरं तिचं. मास्तरांच्या नावाचा पत्ताच नव्हता.

मास्तर म्हणजे या लेसर प्रयोगशाळेतले जुने फिटर. चार महिन्यांपूर्वी गेले. लेसरचा स्फटिक तापला की किरण फाटतो, म्हणून तो द्रव नायट्रोजनने उणे एकशे शहाण्णव अंशांपर्यंत गारठवायचा. मग कमी विजेत जास्त प्रकाश मिळतो. पण त्या थंडीत आरशाची पितळी चौकटही आक्रसते आणि आरसा कलतो. म्हणून मास्तर चौकटीचा स्क्रू मुद्दाम पाव फेरा उलटा ठेवायचे. "आत्ता चुकीचा दिसू दे, पोरी. गारठला की येईल जागेवर." बावीस वर्षं त्यांनी हेच केलं, अंगात दोन स्वेटर घालून, कारण थंडी त्यांना मुळीच सोसायची नाही. काम सुरू करण्याआधी, स्फटिक आणि आरसा ज्या बंद पेटीत असतात तिच्या काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि कापड गुंडाळलेल्या अंगठ्याने एकदाच पुसायची, ही त्यांची सवय.

निबंधात हे सगळं 'सुधारित रचना' म्हणून साहेबांच्या खात्यावर जमा होतं. आणि साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कालच त्यांनी पेटी उघडली, स्क्रू पाहिला, "हा गलथानपणा कुणाचा?" म्हणत तो स्वतः सरळ केला आणि पेटी बंद करून आतली हवा काढायला लावली. तिने त्यांना अडवलं नाही. पडू देत तोंडावर, पाहुण्यांसमोर.

तिने नायट्रोजन सोडला. पडद्यावर किरणाचा ठिपका उमटला. उणे साठला तो सरकू लागला, उणे दीडशेला फाटला. तिला बरं वाटलं.

उणे एकशे शहाण्णवला ठिपका हळूच मागे आला आणि गोल झाला. इतका गोल तिने कधी पाहिला नव्हता. शक्तीचा आकडाही चढला.

"पाहिलंस?" मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "हात लागतो तो असा."

तिने हवेच्या दाबाचा मापक पाहिला. पेटीत हवेचा लवलेश नव्हता, झाकणाचे बारा बोल्ट घट्ट होते. आतल्या स्क्रूपर्यंत कुणाचा हात पोचणं शक्यच नव्हतं. भीती नंतर वाटली. आधी संताप आला, तोही मास्तरांवर. मेल्यावरही या साहेबाचीच चाकरी?

"सही कर," साहेबांनी निबंध पुढे सरकवला.

"मास्तरांचं नाव घाला."

"गेलेल्या माणसाला नाव कशाला हवंय?"

तिचा तळहात पेटीवर होता. धातूच्या आत काहीतरी किंचित फिरलेलं तिला हाताला जाणवलं. पडद्यावरचा ठिपका फाटला.

साहेबांनी सगळी बटणं दाबून पाहिली. जिन्यावर पाहुण्यांची पावलं वाजू लागली.

"काहीतरी कर ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

तिने निबंधावर सगळ्यात वर मास्तरांचं नाव लिहिलं आणि पेन साहेबांच्या हातात दिलं. "इथे सही करा. बदल मान्य म्हणून."

त्यांनी केली.

तळहाताखाली पुन्हा ती हालचाल झाली. ठिपका गोल झाला.

साहेब कोट सावरत पाहुण्यांना आणायला दाराकडे गेले. ती पेटीच्या काचेपाशी वाकली.

"झालं, मास्तर," ती हळूच म्हणाली. "नाव लागलं. आता घरी जा. आत फार थंडी आहे."

काचेवर वाफ धरली. तिने बाहेरून पुसली, पण गेली नाही.

वाफ आतून होती.

मग आतूनच, अंगठ्याएवढ्या रुंदीची, एकच रेघ पुसली गेली. काम सुरू करण्याआधी ते पुसायचे तशी.