इंजिन बंद करण्याआधीची दोन मिनिटं

सरका जवळ, आणि ते मोबाईल खिशात ठेवा. ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्याच्यावर गुजरली त्याच्या दुकानाला माझं दुकान लागून होतं. तीस वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो. तो घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. रागावली की बायकोसुद्धा घड्याळजीच म्हणायची.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, बुधवार. दुपारी घड्याळजी गाडीची कागदपत्रं झेरॉक्स करायला गेला. झेरॉक्सवाल्याने फाईल उघडली आणि बघतच राहिला. सर्व्हिसिंगची पावती न् पावती तारखेप्रमाणे लावलेली. ऑइल कधी बदललं, कोणत्या टायरमध्ये किती हवा, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं.

"काका, एवढी जपलेली गाडी विकताय कशाला?"

"जागा अडते," घड्याळजी म्हणाला.

साफ खोटं होतं ते. जागा कसली अडतेय, त्याची बायको हातची चालली होती.

गाडी त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. टर्बो इंजिनाची सेडान, जुनीच घेतलेली, पण पोराने तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. त्याचे दोन नियम होते. पहिला, चपला बाहेर काढून आत बसायचं. खुद्द बापालाही सूट नव्हती. दुसरा, गाडी थांबली तरी इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं. "बाबा, पळून आलेल्या माणसाला कोणी लगेच आडवं करतं का? टर्बो तापलेला असतो. त्याला दम खाऊ द्यायचा," असं तो सांगायचा.

कारखान्यात त्याची दुसरी पाळी. रात्री अकरा चाळीसला गाडी घराखालच्या शेडमध्ये शिरायची आणि दोन मिनिटं घुरघुरत राहायची. तेवढ्यात वर आई गॅस पेटवून जेवण गरम करायची. इंजिन थांबलं की ताट वाढायची. घड्याळजीच्या घरात बायकोला घड्याळ लागत नाही, हा आमच्या गल्लीतला जुना विनोद होता.

फेब्रुवारीत एका रात्री पोरगा मशीनपाशीच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सोबतचा कामगार निरोप सांगायला त्याचीच गाडी घेऊन आला. योगायोग बघा, वेळ तीच, अकरा चाळीस. आईने गॅस पेटवला. आणि खाली इंजिन लगेच बंद झालं.

तिने गॅस बंद केला. दार वाजण्याआधी, कोणी एक शब्द बोलण्याआधी तिला कळलं होतं.

तेव्हापासून रोज रात्री ती शेडमध्ये जायची. चपला बाहेर काढायची आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पहाटेपर्यंत बसून राहायची. घड्याळजीने शटरला कुलूप घातलं, तर शटरला पाठ लावून रस्त्यावर बसली. जेवण तुटलं. अंगावर हाडं तेवढी उरली. डॉक्टर म्हणाले, "ती गाडी आधी डोळ्यांसमोरून हलवा. नाहीतर बाई हा हिवाळा काढणार नाहीत."

मग घड्याळजी मनावर दगड ठेवून गिऱ्हाईक शोधायला लागला. मिळेल त्या भावात द्यायला तयार. पण माणसाची जात कशी असते बघा. भाव उतरला तसा लोकांचा संशय चढला. एवढी चांगली गाडी, एवढी स्वस्त, मग घोडं पेंड कुठे खातंय?

आणि पेंड खायची जागा सापडायची. जुनी गाडी घेणारा जाणता असेल, तर तो आधी बॉनेटवर हात ठेवतो. इंजिन गार असताना सुरू केलं की त्याची खोड लपत नाही. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवतो. शाळेचा एक हेडमास्तर पहाटे साडेपाचला आला. बॉनेटवर हात ठेवला आणि झटक्यात काढला.

"आधीच गरम करून ठेवलीत की."

"देवाशपथ सांगतो, चार दिवस किल्लीला हात लावलेला नाही."

"माझे केस उन्हात पांढरे झाले नाहीत," म्हणत हेडमास्तर निघून गेला.

दुसरा आला, तिसरा आला, तेच. शेवटी घड्याळजीने बॅटरीची वायर स्वतः काढून ठेवली. सकाळी बॉनेट गरम. बायकोला विचारलं, तर ती नुसती म्हणाली, "मला आवाज येतो. पण पोरगा माझ्यासाठी थांबत नाही. मी आत बसेपर्यंत नसतोच."

घड्याळजी माझ्या दुकानात येऊन रडला त्या दिवशी. म्हणाला, "पोरगा तर गेलाच. आता हिला तरी सोड म्हणावं. कुणाला सांगू मी हे?" मी चहा सांगितला.

शेवटी त्या बुधवारी संध्याकाळी गॅरेजवाला आला. पोराच्या ओळखीचा, गाडीची नाडी जाणणारा. त्याने बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"काका, हा दोष गाडीचा नाही," तो म्हणाला. "मी नेतो."

कागदांवर सह्या झाल्या. वायर जोडली. गाडी निघताना बायको खिडकीत उभी होती. डोळे कोरडे. तिथूनच म्हणाली, "अहो, त्यांना सांगा. बंद करायच्या आधी दोन मिनिटं..." गॅरेजवाल्याने मान हलवली.

गाडी गेली. घड्याळजीने रिकामं शेड झाडलं. रिकामी जागा तिच्या नजरेला पडायला नको म्हणून शटर ओढून कुलूप घातलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या रात्री बायको पोटभर जेवली. "उद्या डोक्याला तेल लावून देता का?" असंही म्हणाली. नऊ महिन्यांनी ती पलंगावर झोपली. घड्याळजीला वाटलं, सुटलो. सदराही न काढता तिच्याशेजारी आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने.

खाली शेडमध्ये इंजिन चालू होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस. शेजारी हात फिरवला. गादी रिकामी. स्वयंपाकघरात उजेड. तो धडपडत गेला. गॅस पेटलेला, मंद आचेवर. पातेल्यातून वाफ. ती नव्हती.

तेव्हाच धावत खाली जायला हवं होतं. गेला नाही. आयुष्यभर सेकंदकाट्यावर पोट भरलेला माणूस, तो मोजायला लागला. लगेच बंद झालं तर दुसरा कोणी. नाहीतर... चाळीस. एक्केचाळीस. मला म्हणाला, "अरे, मलापण वाटत होतं रे, तोच असावा." साठ. खाली एक दार उघडल्याचा आवाज. हलकेच लागल्याचा. नव्वद. शंभर. एकशे दहा...

एकशे वीस.

इंजिन थांबलं.

मग काहीच नाही. टिक... टिक... तापलेलं लोखंड गार होताना वाजतं ना, तसं.

तो अनवाणी जिने उतरला. शटर खाली. कुलूप जागच्या जागी. खिशात किल्ली. तीनदा किल्ली हातातून पडली. शटर वर केलं.

शेड रिकामं.

फरशीला हात लावला. गरम. आणि जिथे ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं असतं, नेमक्या तिथे... तिच्या चपला. जोडीने, नीट काढून ठेवलेल्या.

ती सापडली नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, नदीकाठ झाला. सकाळी गॅरेजवाल्याचा फोन आला. "काका, गाडी रात्रभर माझ्यासमोर आहे. बॉनेट गारठलेलं आहे. आता काळजी नको." घड्याळजीने फोन ठेवला.

आता तो शटर लावत नाही. रोज रात्री अकरा पस्तीसला खाली येतो. आपल्या चपला तिच्या चपलांशेजारी काढतो आणि उभा राहतो. मीही एकदा गेलो होतो सोबत. अकरा चाळीस झाले. बेचाळीस झाले. काही आलं नाही. त्याने वाकून फरशीला हात लावला. गार होती.

मग माझा हात धरून त्याने तो तिच्या चपलेच्या आत ठेवला.

उबदार होती. नुकताच कोणी पाय काढून घ्यावा, तशी.