बोलण्यात गेलेले पाच नमुने

ती थर्मासचा डबा छातीशी धरून प्रयोगशाळेचं दार ढकलते काय, त्याच क्षणी तो आतून दार उघडतो काय... ती थेट त्याच्या अंगावर! डबा वाचला. डोळे मात्र भिडले, आणि भिडले ते अंमळ जास्तच वेळ.

इथलं मशीन चालवणारे नेहमीचे म्हातारे ऑपरेटर रजेवर होते. त्यांच्या जागी आजच्यापुरता हा आला होता.

"एकच नमुना उरलाय," ती धापा टाकत म्हणाली. "यीस्टच्या पेशी. आधीचे पाच खराब निघाले. आज सूक्ष्मदर्शकातून फोटो मिळाला नाही तर मॅडम माझा पीएचडीचा विषयच बंद करणार — तीन वर्षं पाण्यात!"

त्याने डबा घेतला. थंड वाफेतून गोठलेला ठिपका अलगद उचलला.

"नीट होईल ना हो?" ती त्याच्या खांद्यावरून वाकली.

उत्तर नाही. उलट त्याने तोंडच फिरवलं!

"अहो, तुम्हालाच विचारतेय."

पुन्हा पाठ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा कसला ताठा? दिसायला बरा आहे म्हणून?

मशीनचं झाकण बसलं, पंप घरघरला, आणि मौनीबाबांनी भला मोठा श्वास सोडला.

"माफ करा! उघड्या नमुन्यावर श्वास पडला की त्याची वाफ तिथेच गोठून बसते. मग पेशी दिसणार कुठून? आधीच्या पाच वेळा तुम्ही... बोलत होतात?"

ती गोरीमोरी झाली. पाचही वेळा तिची टकळी चालू होती, आणि म्हातारे ऑपरेटरही रंगात येऊन गप्पा मारत होते!

आता मात्र दोघं बोलतच सुटले. आत थंडगार सुरीने पेशी दुभंगल्या, वरचा थोडा बर्फ उडून गेला, त्यावर प्लॅटिनम आणि कार्बनची साय धरली. दुपारपर्यंत पेशी आम्लात विरघळल्या. उरला तो फक्त त्यांचा ठसा, पाण्यावर तरंगणारा, नखाएवढाही नाही. तो इवल्याशा तांब्याच्या जाळीवर उचलायचा होता.

"तुम्हीच उचला," ती म्हणाली. "माझ्याकडून फाटला तर?"

"पेशी तुमच्या, हात तुमचाच. मी बशी धरतो."

दोघांनी श्वास रोखले. तो इतका जवळ होता... छे, जाळीकडे बघ! जाळी खालून वर आली. ठसा अख्खा — एक तडा नाही!

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशीचं आवरण उलगडलं. त्यावर बारीक कण, अगदी रांगेत मांडल्यासारखे.

"दिसलं! अहो, दिसलं!" तिने त्याचा हात घट्ट धरला. धरला तो सोडायचं राहूनच गेलं.

"उद्या नेहमीचे ऑपरेटर परत येताहेत," तो अडखळला. "म्हणजे मी इथे नसेन. तर... कॉफीला याल? उद्या? किंवा... रोज?"

तिने तोंड फिरवलं. चकार शब्द नाही.

"रागावलात?"

तिने नाही म्हणून मान हलवली. खांदे हसत होते.

"मग बोला की! जीव टांगणीला लावलात."

ती वळली आणि तिने भला मोठा श्वास सोडला.

"तुम्हीच शिकवलंत ना, नाजूक काही चाललं असलं की बोलायचं नाही? रोज चालेल."