चारमिनारच्या बांगड्या

सालारजंग संग्रहालयातल्या त्या घड्याळापुढे गर्दी जमते ती एका चिमुकल्या बाहुल्यासाठी. तास भरला की तो दार उघडून बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. त्याला बघायला मी टाचा उंचावल्या आणि मागच्या माणसाच्या पायावर आले.

"पाय माझा हाय," मागून आवाज आला. "पन राहू द्या. आधी बाहुला बघून घ्या."

हैदराबादेत आपली जालन्याची बोली... मी वळलेच. उंच, सावळा, हसताना खालचा ओठ दाबणारा. नाव बिभीषण, अंकुशनगरचा, साखर कारखान्यात नोकरीला. मी अर्पिता, केदारखेड्याची, जालन्यात बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत. आमच्या ऑफिसची सहल होती. तो एकटाच खरेदीला आला होता. खरेदी संध्याकाळी चारमिनारला, म्हणाला, तोवर रिकामाच आहे.

मग काय, मैत्रिणीला, संध्याला, सांगून टाकलं की नातेवाईक भेटलेत, गाडीच्या वेळेला स्टेशनवरच येते. एरवी मला खोटं बोलायला जमत नाही. त्या दिवशी झरझर जमलं.

गोवळकोंड्याला त्याने मला वर पाठवलं. खाली दरवाज्याशी टाळी वाजवली की वर ऐकू येते म्हणे. दोन टाळ्या, मग थांबून एक, अशी आमची खूण ठरली. वाऱ्यात ओढणी सावरत मी उभी राहिले... आणि आल्या. दोन – आणि मग एक. एवढ्या दगडांतून, एवढ्या माणसांतून त्या माझ्यापर्यंत आल्या आणि मी वेडी झाले. दुसरा शब्द नाही त्याला.

तिथूनच दादांना, माझ्या वडिलांना, फोन लावला. भोकरदनच्या स्थळाला ते आज उत्तर देणार होते. मुलगा चांगला होता, मला आवडलाही होता. नको म्हणून सांगा, म्हटलं. दादांनी पुन्हा विचारून घेतलं.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई, दादा."

संध्याकाळी चारमिनारजवळ लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात शिरलो. हिरव्या, खड्यांच्या. "हात द्या बरं," बिभीषण म्हणाला. मी दिला. देणारच होते. दुकानदाराने बोटं चेपून एकेक बांगडी चढवली. बिभीषण मान वाकडी करून बघत होता. माझ्या हाताकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"बराबर बसल्या," तो दुकानदाराला म्हणाला. "ह्याच बांधा. आमच्या छकुलीचा हात असाच हाय."

छकुली म्हणजे त्याच्या मामाची मुलगी. ती पाळण्यात असतानाच त्याच्या आईने भावाला शब्द दिला होता. लग्न पुढच्या महिन्यात. हे सगळं त्याने खाली बघत सांगितलं.

"मंग सकाळीच सांगायचं ना."

"सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही आल्या असत्या का?... एक दिवस तरी मला माझा पाह्यजे होता."

त्याचे डोळे भरले होते. भरू देत. त्याला त्याचा दिवस मिळाला. माझं पुढे काय, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

बांगड्या चढल्या तशा उतरेनात. दुकानदाराने साबण लावला, हात पिळून ओढल्या. अंगठ्याखाली कातडी सोलली. छकुलीच्या बांगड्यांना रक्त राहू नये म्हणून मीच त्या माझ्या ओढणीने पुसून दिल्या.

स्टेशनवर दादांचा फोन आला. त्या लोकांना नकार कळवून झाला होता. मुलाच्या आईला वाईट वाटलं म्हणे. मग त्यांनी हळूच विचारलं, "दुसरं कुणी मनात हाय का, पोरी?"

न्हाई, म्हटलं. सकाळसारखं खोटं या वेळी जमलं नाही. दादांनी ते ओळखलं असावं, कारण ते नुसतंच म्हणाले, जेवून घे, आणि फोन ठेवला.